गाव सोडणाऱ्याचा दाखला

महाळुंग्याच्या शेजारच्या एका गावात मी सात वर्षं गुरुजी होतो. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. ते गाव पुढं ओस कसं पडलं, असं मला अजून कुणीकुणी विचारतं. विचारणाऱ्याला दुष्काळ, पटकी, असलं काहीतरी ऐकायचं असतं. तसं काही झालं नाही. जमीन पलीकडच्या गावासारखीच होती आणि दोन्ही गावांचा ओढाही एकच होता. तरी ते पलीकडचं गाव वाढत गेलं आणि आमच्या गावातल्या घरांना एकेक करून कुलपं लागली. कारण मला ठाऊक आहे. त्यातलं थोडं माझ्याच हातून झालं, म्हणून तर ठाऊक आहे.

सुरुवात रस्त्यापासून झाली. चाकणकडून पिंपरीच्या बाजूला नवा रस्ता काढायचं ठरलं आणि ओव्हरशियर चुन्याची पोती घेऊन गावात आला. त्यानं सरळ रेघ ओढली ती नेमकी आमच्या घाटावरून गेली. आमच्या भागात बैलगाड्यांची शर्यत ज्या चढावर होते त्या चढाला घाट म्हणतात. मुरूम टाकून, चोपून, वर्षानुवर्षं पाणी मारून जपलेली ती दोन-तीनशे पावलांची पट्टी म्हणजे गावाचा जीव की प्राण. सोयरीक जुळवतानासुद्धा लोक विचारायचे, तुमच्या गावाला घाट आहे का?

पाटलांनी ओव्हरशियरला गूळपाणी दिलं आणि सरळ नाही म्हणून सांगितलं. "रस्ता काय, आज न्हाई तर उद्या व्हईल. घाट मोडला तर पुन्यांदा व्हनार हाय का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारला अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर बरं होतं. 'ग्रामस्थांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या भावना' वगैरे शब्द मी त्यात घातले. देवळात वाचून दाखवला तेव्हा लोकांनी वाहवा केली, आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

ओव्हरशियरचं काय जातंय? त्यानं रेघ पलीकडच्या गावातून ओढली. त्यांचाही घाट होता. ते दोन दिवस भांडले, डोकी फुटायची तेवढी बाकी राहिली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, गाडा काय, दुसरीकडं पळवू. आमच्या गावानं त्या चैत्रात त्यांची मनसोक्त टर उडवली. घाट विकून खाणारे, असं नाव ठेवलं त्यांना. पुढच्या वर्षी त्यांच्या रस्त्यावरून मोटार सुरू झाली.

तेव्हा पिंपरी म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प, त्यांची कापडाची आणि किराण्याची दुकानं, आणि माळावर नव्यानं उभे राहत असलेले कारखाने. हाताला काम मिळत होतं, तेही रोजचं. पलीकडच्या गावातला माणूस सकाळी मोटारीनं नाहीतर सायकलीनं कामावर जायचा, जाताना दुधाची किटली न्यायचा आणि संध्याकाळी आपल्याच घरी येऊन जेवायचा. त्याचा पगार गावात यायचा. मग गावात पिठाची गिरणी आली, चहाचं हॉटेल आलं, न्हाव्यानं खुर्ची घेतली. आमच्या माणसाला पिंपरीला जायचं तर पाच कोस चालायचं आणि इंद्रायणीच्या उतारातून, गुडघाभर पाण्यातून पलीकडं जायचं, कारण ज्यांची टर उडवली त्यांच्या मोटारीत बसणं कमीपणाचं वाटे. पावसाळ्यात उतार बंद. असं रोज जाऊन-येऊन कोण करणार? तो तिथंच राहायचा. सहा महिन्यांनी बायकोला न्यायचा, वर्षानं म्हातारीला. दोन्ही गावांतली माणसं उभी राहायची कारखान्याच्या एकाच फाटकापाशी, पण त्यांची कामाला जात होती आणि आमची गाव सोडून.

आधी चांभार गेला, मग शिंपी. ज्यांना जमीन नाही त्यांना धरून ठेवायला गावाकडं असतं तरी काय? चपला शिवायला लोक पलीकडच्या गावात जायला लागले. तिथं गेलेच आहोत तर मीठ-मिरचीही तिथूनच आणायला लागले. आमच्या वाण्याचं दुकान त्यापायी बसलं, आणि एक दिवस वाणीही गाडीत तराजू टाकून निघून गेला. त्यानंतर काडेपेटीसुद्धा ओढ्यापलीकडून आणावी लागे. तरी पारावर बसून लोक म्हणायचे, गेलेत ते येतील, पोट भरलं की गावाची आठवण येते माणसाला.

सुतार निघायच्या बेतात आहे अशी कुणकुण लागली तेव्हा मात्र गाव हादरलं. नांगर, पाभर, कुळव, सगळं त्याच्या हातचं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे शर्यतीचा छकडा. इतका हलका आणि इतका पक्का छकडा खेड तालुक्यात दुसरा कुणी बांधत नाही, असं आमचे लोक छाती ठोकून सांगायचे. त्याच्या बदल्यात त्याला सुगीला बलुत्याचं धान्य मिळायचं, तेही चार हेलपाटे घातल्यावर. साऱ्या गावाची घरं त्यानं उभी केली होती आणि त्याच्या स्वतःच्या घराचं आढं कितीतरी वर्षं वाकलेलं होतं.

मारुतीच्या देवळात गाव बसलं. ओढ्यापासून त्या नव्या रस्त्यापर्यंत अर्ध्या कोसाचं अंतर. सगळ्यांनी आठवडाभर अंग मोडलं असतं तर बैलगाडी जाईल एवढी वाट सहज निघाली असती. मला वाटलं, आता कुणीतरी हे बोलेल. कुणी बोललं नाही. त्यांच्या रस्त्याला आपली वाट नेऊन जोडायची म्हणजे त्यांच्यापुढं नाक घासणं. मीही बोललो नाही. त्याऐवजी असं ठरलं की गाव सोडणाऱ्याला गावाचा कागद द्यायचा नाही. कारखान्यात लावून घेताना ओळखीला पाटलाचा दाखला लागायचा, तो पाटलांनी द्यायचा नाही. आणि पोरांचा शाळा सोडल्याचा दाखला शाळेनं द्यायचा नाही. "कागदाबिगर तितं उभं कोन करील त्यास्नी? येत्याल म्हागारी," पाटील म्हणाले, आणि वर 'गाव करी ते राव न करी' हेही ऐकवलं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मला नाही म्हणता आलं असतं. मी जिल्हा स्कूल बोर्डाचा नोकर होतो, गावाचा नव्हतो, आणि मागेल त्याला दाखला देणं हा नियमच होता. पण माझं एक दुखणं होतं. दोन वर्षं बोर्डाच्या कचेरीत खेटे घालून मी शाळेला सातवीचा वर्ग मंजूर करून आणला होता. आसपास सातवी कुठंच नव्हती. तिच्यामुळं मी हेडगुरुजी झालो होतो. पट घसरला की वर्ग जाणार, आणि दाखला दिला की पटावरचं नाव कमी करावं लागतं. दाखलाच दिला नाही तर पोर पिंपरीच्या माळावर का फिरेना, नाव माझ्या पटावर शाबूत. गावाच्या ठरावाआडून मला माझा वर्ग राखता येत होता. मी मान हलवली.

त्या सातवीत एकच मुलगी होती, सुताराची थोरली. सातवीपर्यंत पोचलेली गावातली पहिली मुलगी. ती दाराशी, मुलांपासून जरा दूर बसायची. फळ्यावर माझं गणित चुकलं तर तोंडानं बोलायची नाही, नुसती पाटीकडं बघत बसायची, आणि ती तशी बसली की मी गणित पुन्हा तपासायचो. त्या काळी सातवीची फायनल परीक्षा पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता येत असे. मीच तिच्या बापाला सांगितलं होतं की मिस्त्री, हिच्या लग्नाची घाई करू नका, ही माझ्या खुर्चीवर बसेल. तो तेव्हा हसला होता. पण त्यानं ते मनावर घेतलं होतं, इतकं की दोन स्थळं त्यानं परतवून लावली.

दिवाळी झाली आणि सुतार बायको-मुलींसह पिंपरीला गेला. पाटलाच्या कागदाविना त्याचं काही अडलं नाही. एका कारखान्यात माल भरायची खोकी बनवायला सुतार हवे होते. तिथल्या माणसानं त्याच्या हातात रंधा दिला, दहा मिनिटं बघितलं आणि कामावर घेतलं. मुलीचं मात्र अडलं. सातवीत बसवायचं तर आधीच्या शाळेचा दाखला पाहिजे, असं तिथल्या शाळेनं सांगितलं. त्यांचंही बरोबर होतं.

तो पहिल्या रविवारी माझ्या घरी आला तेव्हा मी सांगितलं, दाखल्यांचं पुस्तक संपलंय. पुस्तक आतल्या पेटीत होतं. दुसऱ्या रविवारी म्हणालो, वरून सही यायची आहे. मोटारीचं भाडं वाचवायला पायी पाच कोस येणं आणि पाच कोस जाणं, हप्त्याच्या एकुलत्या एका सुट्टीत. ओट्यावर वर ये म्हटलं तरी तो खालीच उभा राहायचा, पायाची धूळ लागेल म्हणून. तिसऱ्या रविवारी माझ्याकडची निमित्तं संपली आणि मी त्याला पाटलांकडं धाडला.

पाटलांनी त्याला अट घातली. चैत्राच्या शर्यतीसाठी नवा छकडा बांधून दे, मग दाखला घेऊन जा. तो लागोपाठ चार रविवार आला. पाटलांच्या गोठ्यात बसून त्यानं छकडा बांधला, बाभळीचं लाकूड स्वतः निवडून, एक सांधा ढिला न ठेवता. रागानं काम बिघडवेल असा तो माणूस नव्हता. चौथ्या रविवारी काम झाल्यावर पाटील म्हणाले, जा गुरुजींकडं. माझ्याकडं आला तेव्हा मी म्हणालो, पाटलांचा निरोप येऊ दे. निरोप आला नाही आणि मी मागवला नाही. पाटील मला नंतर देवळात हळूच म्हणाले होते की आता दिला तर फुडच्या साली तो फिरकंल का?

त्या दिवशी सुतारानं अंगणातच डोक्यावरचं मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाला, "गुरुजी, तिचं काय चुकलं तेवडं सांगा. घरी गेलो की इचारती. तिला सांगाया बरं पडंल."

मी म्हणालो, "नियम आहे."

आमच्या घरातून हे सगळं ऐकलं जात होतं. बायको भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली की कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी तिच्यावर खेकसलो. शाळेच्या कामात तू पडू नकोस म्हणालो. ती पडली असती तर बरं झालं असतं.

सुतार एकदा रजा काढून बोर्डाच्या कचेरीतही गेला होता. तिथल्या कारकुनानं सांगितलं, दाखला गुरुजीच देणार. देत नसले तर त्यांच्याविरुद्ध अर्ज कर. हे मला फार पुढं कळलं. त्यानं अर्ज केला नाही. गुरुजींविरुद्ध अर्ज करायचा, हेच त्याच्या डोक्यात बसेना. तो करणार नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि त्याच भरवशावर मी निर्धास्त होतो. आज याची लाज वाटते ती सगळ्यांत जास्त.

फायनलचे फॉर्म भरायची मुदत माघात संपली. चैत्रात शर्यत झाली. सुताराचा छकडा पहिला आला. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं इतकी विरळ होती की आणलेला गुलाल उधळून उरला. पाटलांनी फेटा उडवला, हलगी वाजली, आणि मी हजेरीपट सांभाळणारा माणूस उगाच मनातल्या मनात आलेले लोक मोजत बसलो होतो. पलीकडच्या गावातून बघायलासुद्धा फारसं कुणी आलं नव्हतं. त्यांची शर्यत आधीच्या दिवशी झाली होती, नव्या जागेवर.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर दिपोटी आले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आम्ही सगळे दिपोटीच म्हणत असू. पटावर नावं भरपूर आणि खोलीत मुलं नाहीत, म्हणून पाटलांनी वाडीवरची पोरं आणून सातवीच्या रांगेत बसवली होती. साहेबांनी त्यातल्या एकाला पुस्तक वाचायला सांगितलं. तो उठून म्हणाला, पाटलांनी बसाया सांगितलंय, वाचाया न्हाई. साहेबांना हसू आलं, मलाही आलं, आणि मग दोघांचंही हसू विरलं. त्यांनी पट मागवला. या मुलांपैकी पिंपरीला किती गेली, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"मग ती तिथं कुठल्या शाळेत आहेत?"

कुठल्याच नव्हती. दाखला नाही म्हणून कुणाला घेतलं नव्हतं, आणि माझ्या पटावर ती सगळी रोज गैरहजर लागत होती. हे मी कधी एका वाक्यात स्वतःलाही सांगितलं नव्हतं. साहेब भला माणूस. माझ्या नोकरीला त्यांनी धक्का लावला नाही. सातवी बंद केली, सहावी बंद केली, आणि एक शिक्षक जास्त ठरतो म्हणून माझी बदली जुन्नरकडं केली.

बदलीचा हुकूम, आधीच्या पगाराचा दाखला, सेवेचं पुस्तक, माझे सगळे कागद आठ दिवसांत आले. शिपाई घरी आणून देऊन गेला. गाव सोडून मीही चाललो होतो आणि मला कुणी एका शब्दानं अडवलं नाही. ते कागद हातात धरून मी ओट्यावर बसलो, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःची किळस आली. त्याच दुपारी पेटीतून पुस्तक काढलं आणि गेलेल्या सगळ्या मुलांचे दाखले लिहिले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

पाऊस लागला होता आणि इंद्रायणीचा उतार बंद होता. म्हणून पलीकडच्या गावात जाऊन मोटारीत बसलो. त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच जात होतो. पिंपरीला पोचायला तासभरसुद्धा लागला नाही. खिडकीतून बघत होतो तर दोन्ही बाजूंनी नवी पत्र्याची दुकानं, विटांचे ढीग, पालं, आणि सायकलींवरून जाणारी-येणारी माणसं. मला रडू येत होतं आणि शेजारचा माणूस मला तंबाखू देऊ करत होता.

एकेका घरी दाखले देत शेवटी सुताराच्या खोलीवर गेलो. कारखान्याच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती, त्यातली चौथी. तो कामावर होता. त्याच्या बायकोनं पाट मांडला, चहा ठेवला. थोरली आतून आली. गावात ती परकर-पोलक्यात असायची. आता लुगडं होतं अंगावर. मी दाखला पुढं केला. तिनं उभ्यानं पूर्ण वाचला. प्रगती उत्तम, वर्तणूक उत्तम. मग घडी घातली आणि आईच्या हातात दिला.

मी म्हणालो, इथल्या हेडमास्तरांना मी स्वतः भेटतो, अजून वेळ गेलेली नाही, पुढच्या वर्षी फायनलला बसता येईल. तिची आई म्हणाली, मार्गशीर्षात लग्न ठरलंय. मुलगा कारखान्यात लेथवर आहे, ओव्हरटाइम मिळतो, माणसं चांगली आहेत. सासरच्यांना विचारून बघू का, असंही मी म्हणालो. चहात साखर बरोबर आहे का, एवढंच तिच्या आईनं विचारलं.

तेवढ्यात धाकटी शाळेतून आली. सहा वर्षांची असेल. पावसात पाटी डोक्यावर धरून आली होती. तिला पाहून मला बरं वाटलं आणि नवलही वाटलं. विचारलं, हिला कसं घेतलं शाळेत? कागद काय दाखवलेत?

"हिला कागद न्हाई लागला, गुरुजी," तिची आई म्हणाली. "ही तुमच्या शाळेत कदी बसलीच न्हवती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे झालं ते तिनं सांगितलं. धाकटी पाटी पुसून थोरलीपाशी जाऊन बसली, आणि थोरली तिला पाटीवर कित्ता घालून देऊ लागली. मी बशीतला चहा प्यायलो. वर बघणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.